मगाशी मेलो तो परत खंयसून इलो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणच्या कॉलेजातल्या पाच-सहा मुलामुलींनी 'स्टार वॉर्स'चे नऊही भाग ओळीने पाहिले. शेवटचा, २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर', पाहून त्यांचा पार विरस झाला. आता त्यांना तो शेवट आपल्या पद्धतीने लिहून चाळीस मिनिटांची एकांकिका बसवायची आहे. सुरुवात कुठून करायची, काय ठेवायचं, काय टाकायचं, असं विचारताहेत. मला विचारण्याचं कारण एवढंच, की मी तीस वर्षं दशावतारात आहे. आधी पार्ट करायचो, आता आवाज बसल्यापासून मंडळींना आख्यानं रचून देतो.

मुलांनो, तुमचं पत्र आलं तोवर मी या मालिकेतला एकही भाग पाहिला नव्हता. पावसाळ्यात आमचे पेटारे माळ्यावर असतात, हाताला वेळ असतो. पुतण्याच्या लॅपटॉपवर आठवडाभर रोज रात्री बघत बसलो. तलवारी उजेडाच्या आणि रथ आकाशातले, बाकी सगळं ओळखीचं निघालं. देव, दानव, गुरू, शाप, बापलेकाचं वैर. हे तर आम्ही रोज रात्री करतो.

तुमची पहिली तक्रार मेलेला सम्राट पाल्पटिन परत येतो ही आहे. हिच्यावर जरा थांबतो, कारण बाकीचं बरंचसं हिच्यातच आहे.

आमच्याकडे आड दशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या भागात, रोज रात्री संकासुर येतो. काळा बुरखा, लाल जीभ, तोंडी मालवणी. तो वेद चोरतो, लोकांना पोट धरून हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात तो पुन्हा हजर. शेकडो वर्षं मरतोय आणि येतोय. एकाही म्हातारीने कधी विचारलं नाही की हा कसा आला. मग पाल्पटिन परत आला तर तुम्ही का चिडलात?

कारण संकासुराच्या मरणासाठी कुणी काही मोजलेलं नसतं. तो विधी आहे. पाल्पटिनचं तसं नाही. १९८३ च्या भागात नायक लूक आपलं शस्त्र टाकून देतो, मारायला नकार देतो, सम्राट त्याचे हाल करतो, आणि ते पाहून त्याचा बाप डार्थ व्हेडर सम्राटाला उचलून खोल विवरात फेकतो. त्यात स्वतःचाही जीव गमावतो. एका बापाने सगळ्या आयुष्याचं पाप एका क्षणात फेडलं, त्याची ती किंमत होती. छत्तीस वर्षांनी सिनेमावाले म्हणाले की सम्राट मेलाच नव्हता, म्हणजे बापाचं मरण फुकट गेलं. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण पोटात कळतं.

हे मी ज्ञान पाजळत नाही, पोळलो आहे म्हणून सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेत माझं आख्यान लागलं होतं. दैत्याचं काम करणारा नट फार रंगला. मंडपात बॅटऱ्या चमकवून लोक दाद देत होते. रात्री दोनला ठरल्याप्रमाणे तो मेला. रंगपटात गेलो तर जो तो सांगायला लागला, ह्याला परत काढ, लोकांना हवाय. मलाही मोह झाला. पहाटे चारला धूर सोडला, लाल दिवा लावला आणि मेलेला दैत्य अक्राळविक्राळ हसत बाहेर आला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमधून पुढे बसलेल्या, घोंगडं पांघरलेल्या एका आजीचा आवाज आला, "मगाशी मेलो मां ह्यो? मगे परत खंयसून इलो?" सगळा मंडप हसला. त्यानंतर दैत्याचा एकही संवाद कुणी ऐकला नाही. शेवटी दहीहंडी फुटली तेव्हा निम्मी माणसं जत्रेतलं खाजं, म्हणजे गोड खाऊ, घेऊन घरी पोचली होती.

आमच्या धंद्यात एक सोय आहे, जी सिनेमावाल्यांना नाही. चुकलेला खेळ दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात सुधारता येतो. मी दैत्याचं परत येणं काढलं नाही. फक्त रात्री साडेबाराच्या प्रवेशात त्याच्या बायकोच्या तोंडी चार वाक्यं घातली. "नाथ, त्या वराचा गर्व करू नका. भूमीवर पडलात तर भूमीच तुम्हांला उठवील, हे खरं. पण उठवणारी तीच, आणि गिळणारीही तीच." बस्स. पहाटे चारला तो उठला तेव्हा कुणी विचारलं नाही कसा उठला. सगळे बघत राहिले की आता ह्याला जमिनीवरून उचलणार कोण.

वर आधी सांगावा लागतो. हिरण्यकशिपूची गोष्ट घ्या. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणूस नको, जनावर नको. हे सगळं आधी कानावर पडलेलं असतं, म्हणूनच संध्याकाळी उंबरठ्यावर खांबातून नरसिंह बाहेर पडला की अंगावर काटा येतो. तो उंबरठा शेवटी आयत्या वेळी सांगितला असता तर? सिनेमात सम्राट कसा परतला याचं उत्तर एक पात्र जवळजवळ असंच देतं की कसा कोण जाणे, आला. आणि त्याने जगाला दिलेली धमकी, जिचा उल्लेख सिनेमाच्या सुरुवातीच्या मजकुरात आहे, ती प्रत्यक्ष ऐकवली कुठे, तर प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममधल्या एका कार्यक्रमात. हे पुतण्याने सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. दैत्याला मिळालेला वर मंडपात न सांगता बाहेर खाजाच्या दुकानावर सांगण्याचा प्रकार झाला हा.

दुसरं, मरणाचा भाव. तुम्ही मालवणचे, तुम्हांला जास्त सांगायला नको. रापणीला बांगडा उदंड लागला की बंदरावर त्याचा दर काय होतो ते तुम्ही बघता. या सिनेमात नायकांचा केसाळ सोबती च्यूबाका मेला म्हणून आपण हळहळतो, थोड्याच वेळात तो जिवंत दिसतो. सोनेरी यंत्रमानवाची स्मृती पुसली जाते, तो मित्रांकडे शेवटचं बघून घेतो, आणि मग स्मृती परत येते. व्हेडरचा वाट चुकलेला नातू बेन, त्याच्या पोटातून तलवार आरपार जाते, गोष्टीची नायिका रे त्याला बरं करते. शेवटी रे मरते, बेन तिला उठवतो आणि स्वतः मरतो. या सगळ्यातलं खरं मरण शेवटचं, पण तोवर दर इतका पडलेला असतो की कुणी पाटी उचलायला तयार नसतं. तुमच्या एकांकिकेत एकच मरण ठेवा. फार तर दोन.

आता लिहिणाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट. त्यांना शिव्या देऊन लिहायला बसू नका, रागाने लिहिलेला शेवट नुसता उट्टं काढल्यासारखा होतो. या भागासाठी आधी ठरलेला दिग्दर्शक सप्टेंबर २०१७ मध्ये बाजूला झाला, त्याची संहिता बाजूला गेली, नवीन माणसाला २०१९ च्या डिसेंबरची तारीख गाठायची होती. बेनच्या आईचं, लियाचं, काम करणारी कॅरी फिशर २०१६ च्या डिसेंबरमध्येच गेली होती. तिचे जे प्रवेश दिसतात ते आधी चित्रित होऊन न वापरलेल्या तुकड्यांवर बेतलेले आहेत, म्हणजे दुसरी पात्रं काय बोलणार हे तिच्या जुन्या वाक्यांवरून ठरवायचं. ऐन हंगामात मंडळीतला मुख्य नट गेला की काय होतं ते मी दोनदा पाहिलंय. तशा परिस्थितीत उभा केलेला खेळ लंगडणारच. तरी तो चालला, एक अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. चालला म्हणून जमला असं नाही, हे वेगळं.

तर सुरुवात कुठून करायची. शेवटापासून नको. वही घ्या, २०१५ आणि २०१७ चे दोन भाग परत बघा आणि त्यात कुठले नवस बोलले गेलेत ते लिहून काढा. मी नवसच म्हणतो, कारण प्रेक्षकासमोर एखादी गोष्ट ठळकपणे मांडली की तो देवापुढे नारळ ठेवल्यासारखाच प्रकार असतो. तो फेडावा लागतो. आणि जो बोललाच नव्हतात तो फेडायला गेलात तर गुरवसुद्धा विचारील, हे कशाबद्दल?

मला दिसलेले नवस सांगतो. फिन हा लहानपणी घरातून उचलून नेलेला सैनिक, त्याला नाव नाही, नुसता नंबर, एफएन-२१८७. तो शस्त्र टाकून पळतो आणि मित्राने दिलेलं नाव लावतो. म्हणजे या सैनिकांच्या शिरस्त्राणाखाली माणसं आहेत, हा सगळ्यात मोठा नवस. दुसरा, रेचे आईबाप कोण? २०१७ च्या भागात उत्तर मिळालं, कुणीही नाहीत, साधी माणसं. तिसरा, त्याच भागात बेन तिच्यापुढे हात करतो की ये, दोघं मिळून राज्य करू, आणि ती नाकारते. गोष्ट अर्धी राहते. चौथा, त्या भागाचं अगदी शेवटचं चित्र, तबेल्यातला झाडू मारणारा पोर हात पुढे करतो आणि झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. आता २०१९ कडे बघा. पोराचा पत्ता नाही. फिनला रेला काहीतरी सांगायचं असतं, ते सिनेमा संपला तरी सांगून होत नाही. आणि साध्या माणसांची रे एकदम सम्राटाची नात निघते. बोललेले नवस राहिले, न बोललेला फेडला.

वही झाली की दुसरं काम. गाडी रुळावर होती अशी शेवटची जागा शोधा. सगळं पाडायचं नसतं. घर गळतं म्हणून कुणी जोतं खणत नाही.

ती जागा मला पहिल्याच खेपेला सापडली, आणि ती समुद्रात आहे. एका उपग्रहावरच्या खवळलेल्या समुद्रात जुन्या डेथ स्टारचे, म्हणजे सम्राटाच्या आकाशातल्या किल्ल्याचे, अवशेष पडलेत, त्यावर लाटा फुटताहेत, आणि रे-बेन लढतात. बेनची आई लिया दूरवरून प्राण एकवटून त्याला हाक घालते, आणि त्यातच ती जाते. तो थबकतो, रे त्याला भोसकते, आणि मग स्वतःच हादरून त्याला बरं करते. ती गेल्यावर त्याला बाप दिसतो, हान सोलो, ज्याला त्याने स्वतःच्या हाताने मारलं होतं. बाप भूत म्हणून येत नाही, आठवण म्हणून येतो. दोघं बोलतात. बेन तलवार समुद्रात फेकतो. फार चांगला प्रवेश आहे. आषाढात देवबागच्या किनाऱ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. यापुढे सगळे विमानात बसून दुसऱ्याच एका ग्रहावर जातात, तिथे सम्राट, तिथे अगणित जहाजं, आणि माझा रस तिथे संपला.

तर जाऊच नका. इथेच थांबा. नीट बघितलंत तर शेवटाला लागणारं सगळं याच जागी पडलेलं आहे. १९८३ मध्ये सम्राटाला फेकला तो याच डेथ स्टारवर. त्याचं सिंहासन त्या अवशेषांत आहे, रे तिथे जाऊनही येते. आणि याच उपग्रहावर जाना नावाची बाई आणि तिचे सोबती राहतात, तेही फिनसारखेच शस्त्र टाकून पळालेले सैनिक. समुद्र, रिकामं सिंहासन, नाव नसलेली माणसं. याहून जास्त काय हवं?

सिंहासनासाठी तुम्हांला काय लागेल? एक बाकडं. आमच्या रंगमंचावर तेवढंच असतं. राजा बसला की सिंहासन, राणी टेकली की पलंग, वर उभा राहिला की पर्वत. हल्ली ट्रिकसीनचे खेळ होतात, त्यात उडणारे गरुड असतात, फणे काढणारे नाग असतात, लोकांना आवडतात. मी नाही म्हणत नाही. पण बाकड्याने जे काम तीनशे रात्री केलंय ते ट्रिकसीनने एका रात्री बिघडवलेलंही मी पाहिलंय.

माझी मांडणी अशी. सम्राट मेलेलाच आहे. उरलाय त्याचा हुकूम. त्याने मरण्यापूर्वी बांधायला लावलेलं आरमार आता तयार होऊन या उपग्रहाच्या डोक्यावर येऊन थांबतं. ते चालवणारा प्राइड नावाचा सेनापती सिनेमात आहेच, सम्राटाचा जुना सेवक. हुकूम असा की सिंहासनावर वारस बसेल त्याचंच आरमार ऐकेल. हा झाला वर, आणि तो पहिल्या पाच मिनिटांत प्राइडच्या तोंडून सांगून टाका. वारस म्हणजे बेन, व्हेडरचा नातू. प्राइड खाली उतरतो, बाकड्यापुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, बसा.

आता इथे घाई करू नका. बेन सुधारलाय, त्याला राज्य नकोय. पण तो विचार करतो, की मी बसलो आणि आरमाराला 'परत जा' असा हुकूम दिला, तर युद्धच संपेल. चांगल्या कामासाठी बसायचं. प्रेक्षकालाही ते पटलं पाहिजे, निम्म्या मंडपाने मनात 'बस रे' म्हटलं पाहिजे. तो बाकड्याजवळ जातो, हात टेकतो. मागच्या भागात त्याने रेपुढे हात केला होता, आता तो विचारतो, "सांग, बसू?" रे उत्तर देत नाही. ती विचारते, "उठशील कधी?"

ही ओळ मी बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली बरी आहे. तुम्हांला याहून चांगली सुचली तर ती घ्या.

त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात फिन. प्राइडबरोबर आलेले चार सैनिक चेहरा झाकून उभे आहेत. फिन भाषण देत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा, एकांकिकांमध्ये भाषणांचा सुळसुळाट झालाय. तो एकाच्या समोर जातो आणि आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला म्हातारा पहिल्या मिनिटाला विचारतो तेच विचारतो, "तू कोणाचो?" सैनिक नंबर सांगतो. फिन पुन्हा, "तां नाय. तू कोणाचो?" त्याला माहीत नाही. दुसऱ्यालाही नाही. जानालाही नाही. रेलाही नाही. मंचावर एकट्या बेनलाच आपण कोणाचे ते माहीत आहे, आणि त्याच्या त्या एका उत्तरासाठी डोक्यावर आरमार उभं आहे. एक सैनिक शिरस्त्राण काढतो. या सैनिकांनी बंड करावं ही कल्पना माझी नव्हे, पुतण्या म्हणतो जगभरचे चाहते तेच म्हणताहेत. म्हणणारच, नवस इतका ढळढळीत आहे.

बेन बाकडं आडवं करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एवढाच ट्रिकसीन. प्राइड वर बघत राहतो, आरमार हुकमाची वाट बघत राहतं, हुकूम येत नाही. वर काय होतं ते पखवाजावर सोडा, शब्दांत सांगू नका.

बेनला मारू नका. सिनेमाने मारला, कारण मेला तो सुटला. इथे तो जिवंत राहतो आणि च्यूबाका समोर येतो. च्यूबाका म्हणजे त्याच्या बापाचा जन्माचा मित्र. बापाला मारलं त्या दिवशी च्यूबाकाने त्याच्यावर बाण झाडला होता. तो मराठी बोलत नाही, काहीच बोलत नाही, म्हणून तुमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात शांत मुलगा या कामाला घ्या. तो मिठी मारत नाही, हात उगारत नाही. खूप वेळ बघतो. मग होडीत ठेवलेलं आपलं सामान उचलून दुसऱ्या बाजूला ठेवतो. एका माणसापुरती जागा होते. बेन तिथे बसतो. हा प्रवेश तालमीत तुम्हांला लांबट वाटेल, कापू नका.

लियाचं मरण हेच तुमचं एक मरण. ते मंचाबाहेर होऊ द्या.

शेवटचा प्रवेश सिनेमातला आहे तोच ठेवा, फक्त एक शब्द काढा. टॅटूइन या ग्रहावरच्या वाळवंटात एक म्हातारी रेला विचारते, तू कोण? ती म्हणते, रे. म्हातारी विचारते, कुठली रे? ती दूर दिसणाऱ्या लूक-लियाच्या आत्म्यांकडे बघून त्यांचं आडनाव सांगते, स्कायवॉकर. माझ्या मते हे आडनाव तिला चिकटवलेलं आहे. आपली म्हातारी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन येईल, थांबेल, डोळ्यांवर हात धरून बघेल.

"कोणाची गो तू?"

"रे."

"नुसती रे?"

"नुसती."

म्हातारी भारा खाली उतरवते आणि म्हणते, "बस मगे. पानी दितंय." तेवढ्यात तिच्या मागून एक पोर झाडू घेऊन येतो. झाडू हातात कसा आला ते दाखवू नका, तो नुसता रेकडे बघतो. पेटी थांबते.

(आणि हो, आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या वाक्यात 'अरे, काय रे, खंय रे' असतं. तिचं नाव घेतलं की प्रेक्षक हसतील. पहिल्या प्रवेशातच एकदा हसू द्या, नाहीतर शेवटी हसतील.)

लिहिण्याबद्दल एवढंच, की सगळे संवाद आधी कागदावर उतरवू नका. आमच्याकडे खेळापूर्वी रंगपटात मी फक्त कथा सांगतो, कोण कधी येतो, कशासाठी येतो, काय घेऊन जातो. बाकी नट बोलतो. तुम्हीही आठवडाभर असंच करा, मोबाईलवर आवाज टिपून ठेवा. जे वाक्य तीन रात्री आपोआप तोंडात आलं तेच वहीत घ्या. अंतराळातली अवघड नावं शक्य तेवढी गाळा. मला स्वतःला सम्राटाच्या त्या ग्रहाचं नाव अजून नीट घेता येत नाही.

उजेडाच्या तलवारींसाठी ट्यूबलाइटच्या नळ्या हातात घेऊन लढू नका, फुटली तर डोळा जाईल. दुधी प्लास्टिकच्या पाइपात बॅटरीवरची एलईडी पट्टी घाला, पुरते. युद्ध पखवाजाच्या ठेक्यावर बसवा, आमच्यातला कुणीही आनंदाने शिकवायला येईल, हंगाम सुरू व्हायच्या आत मात्र. त्रिपुरी पौर्णिमेनंतर आम्ही रोज वेगळ्या गावात असतो.

आणि बाकडं भक्कम बघून घ्या. शेवटी त्याच्यावर कुणी बसणार नसलं तरी तालमीत सगळे बसतातच.